आधी काटा पारखावा : उज्जैनची वेधशाळा, इंदूरचा प्रकाश आणि धूमकेतूचे पाणी

इंदूरच्या सराफ्यात आपण बहुतेक जण रात्री जातो. गराडू, भुट्ट्याचा कीस, मालपुवा यांच्या ओढीने जातो आणि ज्या ओट्यांवर खातो, तिथे दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार चालतो हे विसरून जातो. आपल्या आजी-पणजीच्या काळी तिथला सोनार दागिना हातात घेतला की काळ्या कसोटीवर त्याची एक रेघ ओढत असे. पण तेवढ्यावर तो काही बोलत नसे. त्या रेघेच्या शेजारी तो आणखी एक रेघ ओढी, ज्या सळईचा कस आधीच ठाऊक आहे तिची. दोन्ही रेघा पाहून मग निर्णय. तोलण्यापूर्वीही तो रिकामी पारडी उचलून पाही आणि एक पारडे जरा झुकत असेल तर दुसऱ्यात पासंग टाकी. दागिना खरा की खोटा हे ठरण्याआधी काटा खरा आहे ना, हे ठरायला हवे, हा त्या बाजाराचा नियम होता.

आज मला आपल्यापुढे मांडायचा आहे तो याच नियमाचा इतिहास. फक्त तोलायची वस्तू सोन्याऐवजी आकाशातली आहे. विज्ञानात या कामाला ‘कॅलिब्रेशन’ म्हणतात, मराठीत कोणी ‘अंशशोधन’ म्हणतात. ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असे काहीतरी उपकरणाला दाखवायचे, ते काय सांगते ते लिहून ठेवायचे आणि त्याची चूक नेमकी किती व कुठल्या बाजूला आहे हे ठरवून मगच त्याला अज्ञाताकडे पाठवायचे. या कामाला बातमीत जागा मिळत नाही. तरी ते नसेल तर अवकाशयानाने पाठवलेला प्रत्येक आकडा ऐकीव गोष्टीच्या मोलाचा ठरतो. आणि या कामाचा एक जुना आणि एक अगदी नवा अध्याय आपल्या माळव्यात लिहिला गेला आहे.

सुरुवात धूमकेतूपासून करू. शिवछत्रपतींचे निधन १६८० च्या एप्रिलमध्ये झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आकाशात एक प्रचंड शेंडेनक्षत्र दिसले. ते सातआठ महिने आधी दिसले असते तर बखरकारांनी त्याचे काय केले असते, हे सांगायला नको. पुढे हॅलेने भाकीत केलेला धूमकेतू १७५८ च्या डिसेंबरअखेर पुन्हा दिसला आणि मार्च १७५९ मध्ये सूर्याजवळून गेला. त्याच १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेला पोहोचल्या होत्या. मल्हारराव हयात होते, अहिल्याबाईंनी नुकतीच तिशी ओलांडली होती. जगात कुठेही गेलात तरी त्या काळी धूमकेतू म्हणजे राजाचे मरण, दुष्काळ, लढाई. ही भीती ओसरू लागली ती मोजमापामुळे. टायको ब्राहे याने १५७७ च्या धूमकेतूचे वेध घेतले आणि दाखवून दिले की ही वस्तू आपल्या हवेतली वाफ नसून चंद्राच्याही पलीकडची आहे. त्याच्या शब्दाला वजन आले याचे कारण आपल्या यंत्रांत किती चूक राहू शकते हे त्याने तपासलेले होते. सिद्ध करायचे अंतर त्या चुकीपेक्षा मोठे होते.

आता उज्जैनला येऊ. भारतीय ज्योतिषाची मध्यरेषा जिथून मोजली जाई ते हे गाव. सवाई जयसिंह माळव्याचा सुभेदार होता. मराठ्यांचे घोडे नर्मदा ओलांडून माळव्यात येत होते, त्याच अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने क्षिप्रेकाठी वेधशाळा बांधली. आपल्यापैकी अनेकांनी मुलांना घेऊन तिथले सम्राट यंत्र, नाडीवलय, दिगंश आणि भित्ति यंत्र पाहिले असेल. पाहताना मनात आले असेल की एवढे चुन्यादगडाचे बांधकाम कशासाठी? हातात मावणारी पितळी यंत्रे तेव्हा होतीच की.

याचे उत्तर जयसिंहाच्या ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत आहे आणि ते आजच्या कोणत्याही प्रयोगशाळेत शोभेल असे आहे. आधी त्याने पितळी यंत्रेच करवली होती. त्यांत त्याला दोष दिसले. ती लहान, म्हणून त्यांवर अंशांचे बारीक भाग पाडता येत नाहीत. त्यांचा आस झिजतो आणि डुगडुगू लागतो, वर्तुळाचा मध्य सरकतो, यंत्राचे प्रतल हलते. जुन्या लोकांची गणिते आकाशाशी जुळत नाहीत याचे एक कारण त्याला यंत्रांच्या या दोषांत दिसले. म्हणून त्याने दगडाची, अवाढव्य, न हलणारी यंत्रे बांधली. जिला आस नाही ती वस्तू झिजणार कशी, हा त्यामागचा साधा विचार.

त्याचे पुढचे पाऊल मला अधिक मोलाचे वाटते. दिल्लीला घेतलेले वेध खरे आहेत की नाहीत याची खात्री पटावी म्हणून त्याने तशीच यंत्रे जयपूर, मथुरा, वाराणसी आणि उज्जैन इथे उभारली. म्हणजे आपली उज्जैनची वेधशाळा मुळात साक्षीदार म्हणून जन्माला आली. एका यंत्राचा शब्द दुसऱ्या गावच्या यंत्राने तपासावा, यासाठी. सत्ता हाती असलेल्या माणसाने ‘मी सांगतो म्हणून खरे’ असे न म्हणता स्वतःला तपासणारी चार ठिकाणे बांधावीत, ही गोष्ट लहान नाही.

ही यंत्रे पुढे पडझडीला लागली. त्यांचा जीर्णोद्धार १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी केला. त्यामागे आग्रह होता तो पंडित नारायणजी व्यास आणि गोविंद सदाशिव आपटे यांचा. आपटे हे गणिती ज्योतिषी, आणि ते या वेधशाळेचे पहिले अधीक्षक झाले. मूळ यंत्रे राजपूत राजाची, दुरुस्ती मराठी संस्थानिकाच्या पैशाने आणि देखरेख मराठी गणितज्ञाची, असा हा वारसा आहे. पंचांग बरोबर की आकाश बरोबर, असा वाद निघाला तर आकाशाला विचारायचे, आणि विचारायचे यंत्र आधी नीट करून घ्यायचे, ही भूमिका त्या जीर्णोद्धारात होती.

उज्जैनहून इंदूर पन्नासएक किलोमीटर. इथल्या अध्यायाची तारीख आहे १९ फेब्रुवारी १९८४. त्या दिवशी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी ‘सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी’ची कोनशिला बसवली. राजेंद्रनगरच्या पुढे, सुखनिवास तलावाच्या परिसरात, सुमारे ७६० हेक्टर जमिनीवर. जून १९८६ मध्ये मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून शास्त्रज्ञांची पहिली तुकडी इथे राहायला आली आणि काम सुरू झाले. संस्थेचे पहिले संचालक डॉ. दिलीप देवीदास भवाळकर हे सागरचे. सागर म्हणजे गोविंदपंत बुंदेल्यांपासून मराठी वस्ती असलेले गाव, आपल्यासारखेच. डिसेंबर २००५ मध्ये संस्थेला डॉ. राजा रामण्णा यांचे नाव देण्यात आले, पण आपल्या बोलण्यात अजून ‘कॅट’च आहे.

त्याच १९८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू परत आला होता. आपल्यापैकी कितीतरी जण पहाटे गच्चीवर जाऊन क्षितिजाजवळचा तो फिकट ठिपका शोधत होते. ज्या घरांत १९१० च्या शेंडेनक्षत्राची वर्णने ऐकली होती तिथे जरा निराशाच झाली. पण मार्चच्या १३-१४ तारखेच्या रात्री युरोपचे ‘जिओटो’ यान त्या धूमकेतूच्या गाभ्यापासून सुमारे ६०० किलोमीटरवरून, सेकंदाला ६८ किलोमीटर या सापेक्ष वेगाने गेले. धूमकेतूचा गाभा माणसाने इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. सर्वांत जवळ पोहोचण्याच्या काही सेकंद आधी धुळीच्या कणाच्या आघाताने यान डगमगले, त्याचा कॅमेरा कायमचा गेला. मात्र वायूंचे आणि धुळीचे आकडे हाती आले आणि त्यांच्या बरोबर एक अडचणही आली. ती काय होती हे सांगण्यापूर्वी इंदूरचे काम पाहू.

कॅटमध्ये ‘इंडस-१’ हे भारताचे पहिले सिंक्रोट्रॉन प्रकाशयंत्र १९९९ मध्ये सुरू झाले आणि २००५ मध्ये मोठे ‘इंडस-२’ प्रकाश देऊ लागले. त्याची रचना थोडक्यात अशी. इलेक्ट्रॉनांना आधी एका लहान यंत्रात २ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत वेग देतात, मग दुसऱ्या वर्तुळात ५५ कोटींपर्यंत. तिथून ते १७२ मीटर परिघाच्या इंडस-२ मध्ये शिरतात आणि २.५ अब्जांपर्यंत चढवले जातात. त्यांना वर्तुळात वळवण्यासाठी बलवान चुंबके असतात. इतक्या वेगाचा इलेक्ट्रॉन वळला की वळणावर तो प्रकाश फेकतो, ओल्या छत्रीची दांडी फिरवली की थेंब उडतात तसा. या प्रकाशात क्ष-किरण असतात. त्यांच्या वाटेवर स्फटिकांची जोडी योग्य कोनात ठेवली की अनेक ऊर्जांच्या मिश्रणातून हवी ती एकच ऊर्जा बाहेर येते. हीच ती ‘ठाऊक असलेल्या कसाची सळई’. आपण ठरवू तेवढ्या ऊर्जेचा, जवळजवळ निर्भेळ किरण.

चांद्रयान-२ वर ‘सोलर एक्स-रे मॉनिटर’ नावाचे एक छोटे उपकरण आहे. ते अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत तयार झाले. सूर्याकडून येणारे १ ते १५ हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे क्ष-किरण ते मोजते आणि दर सेकंदाला एक वर्णपट नोंदवते. उड्डाणापूर्वी त्याची परीक्षा झाली त्यात इंदूरच्या इंडस-२ चा वाटा होता. एकाच ऊर्जेचा किरण आत सोडला तर उपकरण एकच रेघ दाखवत नाही. ते एक पसरट उंचवटा दाखवते, कमी ऊर्जेच्या बाजूला त्याची शेपटी असते आणि एखादा लहान, खोटा उंचवटाही असतो. हे दोष काढून टाकता येत नाहीत, पण त्यांचा पूर्ण हिशेब लिहून ठेवता येतो. इंडस-२ च्या किरणांवरून तो हिशेब तयार झाला. किरणोत्सारी स्रोत वापरून तापमानाप्रमाणे उपकरणाचे माप कसे सरकते तेही वेगळे मोजले गेले.

एवढ्यावरही भागत नाही. प्रक्षेपणाचे हादरे, अवकाशातले ऊन-थंडी, वर्षांमागून वर्षे. म्हणून उपकरणाच्या तोंडाशी एक फिरते चाक आहे आणि त्यावर लोह-५५ या किरणोत्सारी पदार्थाचा कण आहे. चाक फिरवून तो समोर आणला की ५,९०० इलेक्ट्रॉन व्होल्टची ओळखीची रेघ दिसायला हवी. सोनार परगावी जाताना कसोटी आणि सळई कमरेला बांधून नेई, तसेच हे. हा स्रोतही कायमचा नाही. दर २.७ वर्षांनी तो निम्मा होतो. पण तो कसा क्षीण होतो हे नेमके ठाऊक असते, म्हणून त्याच्यावर विसंबता येते.

याचे फळ काय? यान २२ जुलै २०१९ ला निघाले. लँडर उतरताना कोसळले, त्या रात्रीचे दुःख आपल्याला आठवते. परिक्रमा करणारा भाग मात्र काम करत राहिला. २०१९-२० मध्ये सूर्य विलक्षण शांत होता. त्या शांततेत या उपकरणाने ९८ अतिसूक्ष्म ज्वाला नोंदवल्या. त्या इतक्या मंद होत्या की नेहमीच्या वर्गवारीच्या खालच्या पायरीवरही बसत नव्हत्या. मंद गोष्ट खरी आहे असे तोच म्हणू शकतो, ज्याला आपल्या काट्याचा पासंग माहीत आहे. शिवाय त्याच यानावरचे दुसरे उपकरण चंद्राच्या मातीतली मूलद्रव्ये शोधते, तीही सूर्याच्या क्ष-किरणांनी माती चमकते त्यावरून. चंद्रावर सोडियम वा मॅग्नेशियम किती, हे सांगताना मुळात सूर्याने किती किरण टाकले हे या छोट्या उपकरणाला विचारावे लागते. सूर्याचे माप चुकले तर चंद्राचेही चुकणार.

वाचकहो, इथे कोणी विचारील की हे सूर्य-चंद्राचे झाले, धूमकेतूशी इंदूरच्या क्ष-किरणांचा काय संबंध? धूमकेतूकडे मुद्दाम पाठवलेले यान भारताचे अजून नाही. मंगळयान मंगळाभोवती पोहोचल्यावर महिनाभरातच, १९ ऑक्टोबर २०१४ ला, ‘सायडिंग स्प्रिंग’ धूमकेतू मंगळाला चाटून गेला, एवढीच काय ती आपली जवळीक. पण १९९६ च्या मार्चमध्ये आपण सर्वांनी पाहिलेला ह्याकुताके आठवा. त्याच्याकडे ‘रोसॅट’ या क्ष-किरण दुर्बिणीने पाहिले तेव्हा त्यातून क्ष-किरण येताना दिसले. बर्फाच्या थंडगार गोळ्यातून क्ष-किरण! ते यायचेच कारण नव्हते. उलगडा पुढे झाला. सौरवाऱ्यातले विद्युतभारित कण धूमकेतूच्या वायूतून इलेक्ट्रॉन हिसकावतात आणि त्या झटापटीत हे किरण निघतात. अशी अनपेक्षित गोष्ट दिसली की पहिला प्रश्न उपकरणाला विचारला जातो : हा तुझाच दोष तर नाही ना? त्याचे उत्तर देण्याची तयारी उड्डाणापूर्वी, जमिनीवरच करावी लागते.

ही तयारी किती दूरवर पुरते, हे पाहण्यासाठी आता स्वित्झर्लंडमधील बर्न गावी जाऊ. तिथल्या विद्यापीठाने ‘रोझेटा’ यानासाठी वायूंचे वजन करणारी उपकरणे केली. यान २ मार्च २००४ ला निघाले आणि १० वर्षांनी, ६ ऑगस्ट २०१४ ला, ६७पी या धूमकेतूपाशी पोहोचले. जिओटोची अडचण इथे लक्षात घ्या. कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन या दोन्ही वायूंच्या रेणूंचे वजन २८. फरक सुमारे ०.०११ इतकाच. जिओटोचा काटा एवढा बारीक तोलणारा नव्हता, म्हणून २८ च्या घरात कोण किती हे नीट सांगता येईना. रोझेटाचे उपकरण दोघांना वेगळे करू शकत होते. बर्नच्या निर्वात टाकीत ठाऊक असलेले वायू ठाऊक असलेल्या प्रमाणात सोडून ते पारखले होते. शिवाय त्याचे जुळे भावंड पृथ्वीवरच ठेवले होते. दूर धूमकेतूपाशी काही नवीन दिसले की तोच पदार्थ या जुळ्याला देऊन ताडून पाहायचे. जयसिंहाची उज्जैन आणि दिल्ली, तसेच हे.

उपकरणाला धूमकेतूभोवती ऑक्सिजन सापडला, पाण्याच्या सुमारे ४ टक्के. कोणाचीच अपेक्षा नव्हती. यानातूनच काही झिरपत असेल काय? शास्त्रज्ञांनी प्रवासाच्या वर्षांत यानाचा स्वतःचा ‘वास’ मोजून ठेवला होता. शिवाय धूमकेतूपासून दूर जावे तसा ऑक्सिजन कमी होत होता. म्हणजे तो धूमकेतूचाच.

मग पाण्याचा प्रश्न. आपल्या समुद्राचे पाणी धूमकेतूंनी आणले काय? जड हायड्रोजनाचे, म्हणजे ड्यूटेरियमचे, प्रमाण हा यातला साक्षीदार. समुद्रात दर १०,००० हायड्रोजन अणूंमागे ते सुमारे १.५६ आहे. रोझेटाने ६७पी वर ५.३ मोजले. तिपटीहून जास्त. २०१४ च्या डिसेंबरात निष्कर्ष निघाला की अशा धूमकेतूंनी आपले समुद्र भरलेले नसावेत. शाळेच्या पुस्तकापर्यंत जाईल असा हा निष्कर्ष. आणि २०२४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी रोझेटाच्या १६,००० हून अधिक नोंदी पुन्हा तपासल्या. त्यांना आढळले की धूमकेतूजवळच्या धुळीच्या कणांना चिकटलेले जड पाणी मापात मिसळत होते. धुळीपासून दूर घेतलेल्या नोंदींत प्रमाण आपल्या समुद्राच्या बरेच जवळ येते. दहा वर्षांपूर्वीचा निष्कर्ष डळमळला.

यात कोणाची फजिती झाली असे मी मानत नाही. उपकरण खोटे बोलले नव्हते. त्याच्यापुढे जे आले ते त्याने बरोबर तोलले. पुढे काय आले होते, हे समजायला दहा वर्षे लागली. पण ती चूक सापडली कशी? प्रत्येक नोंद, प्रत्येक दोषाचा हिशेब, यान कुठे होते, किती अंतरावर होते, हे सारे जपून ठेवले होते म्हणून. माणसे बदलली तरी मापे तपासता आली.

आपली घराणी या मुलखात दोनअडीचशे वर्षे आहेत. आपण मूळ गाव, सनद, वतन, कोणत्या लढाईत कोण पडले, हे सांगत आलो. त्यातले किती कागदावर आहे आणि किती ‘आजोबा सांगत’ एवढ्यावर उभे आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे. आजोबांचा शब्द खोटा असेल असे नव्हे. पण तो तपासायची सोय आजोबांनी ठेवली नसेल तर नातवाला फक्त विश्वास ठेवता येतो किंवा सोडून देता येतो. जयसिंहाने, आपट्यांनी, कॅटमधल्या आणि अहमदाबादच्या माणसांनी ती सोय ठेवली. स्वतःच्या मापातली चूक आपल्याच हाताने लिहून ठेवणे, यातच ती सोय आहे.

हॅलेचा धूमकेतू पुन्हा सूर्याजवळ येईल तो जुलै २०६१ मध्ये. आपल्यापैकी थोडेच तेव्हा असतील. आज इंदूरच्या शाळांत असलेली मुले तेव्हा आजीआजोबा झालेली असतील आणि कदाचित एखादे भारतीय उपकरण त्या धूमकेतूपाशी असेल. त्यातला प्रकाश ओळखायला ते इंदूरलाच शिकलेले असणे अशक्य नाही. तोवर एखाद्या सुट्टीत मुलांना उज्जैनच्या वेधशाळेत न्या, सम्राट यंत्राच्या सावलीवरची वेळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहायला सांगा आणि फरक किती पडला तो तारखेसह वहीत लिहून ठेवायला सांगा.